तांब्याचे मूळ गाव

मृगाचा पाऊस होऊन गेल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी रुमालात बांधलेले तांब्याचे एक नाणे घेऊन आमच्या विभागात आला. त्याच्या काकांच्या शेतात कोणी तरी भाड्याने आणलेले धातुशोधक यंत्र फिरवले होते. यंत्र वाजले, विळ्याने माती उकरली आणि हे नाणे हाती आले. घरी कोणी ते चिंचेने घासून लख्ख केले होते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे अर्धीमुर्धी वाचता येत होती. विद्यार्थ्याचा प्रश्न सरळ होता. “सर, हे महाराजांच्या काळातलं आहे का?”

आम्ही त्याला उलट विचारले, “सापडलं कुठं?” तो म्हणाला, “शेतात.” शेतात नेमके कुठे, किती खोल, काळ्या मातीत की पांढरीत, शेजारी आणखी काय होते, यांपैकी कशाचेही उत्तर त्याच्यापाशी नव्हते. तसे ते त्याला कोणी विचारलेही नव्हते. यंत्राला तर ते मुळीच विचारता येत नव्हते.

आम्ही साहित्याचे अध्यापक. नाणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण ‘हे कुठून आले?’ हा प्रश्न आम्हांलाही परका नाही. एखादा अभंग नामदेवांचा की विष्णुदास नाम्याचा, एखादी ओवी मूळ पोथीतली की लेखनिकाने मागाहून घातलेली, हे आम्ही वर्गात रोज तपासत असतो. म्हणून जमिनीतून निघालेल्या धातूच्या वस्तूचे मूळ कसे शोधतात आणि ते कुठे कायमचे हरवते, याचा थोडा मागोवा या लेखात घेत आहोत.

आपल्याकडे जमिनीतील धनाची कल्पना यंत्राहून फार जुनी आहे. गुप्तधनाचा हंडा, त्यावर राखण करणारा नाग, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की भूमीतले द्रव्य दिसते हा समज, हे सारे मराठवाड्यातील गावोगावच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. या समजुतीची काळी बाजू इतकी खरी आहे की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. पायाळूची जागा आता यंत्राने घेतली आहे. त्यात रक्तपात नाही, ही सुधारणाच म्हणायची. पण दृष्टी तीच राहिली आहे. जमिनीत जे आहे ते ‘धन’ आहे, त्याचे मोल त्याच्या धातूत आहे आणि ते बाहेर काढले की काम संपले, अशी ती दृष्टी.

हे यंत्र काय करते ते पाहिले की त्याची मर्यादाही कळते. त्याच्या चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. खाली धातू असल्यास त्यात सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि हा फरक यंत्र आवाजात रूपांतरित करते. लोखंड आणि तांबे यांचा प्रतिसाद वेगळा असल्याने दोन्हींत काही अंशी भेदही करता येतो. या तत्त्वावरचे एक प्रारंभीचे उपकरण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये वापरले. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी त्यांना शोधायची होती आणि ती सापडली नाही. तेव्हापासून हे यंत्र कितीही सुधारले असले, तरी त्याला कळते ते एवढेच की येथे धातू आहे. खापरी, हाड, कोळसा, मणी, चुलीची जळकी माती यांच्यावरून ते मुकाट्याने पुढे सरकते. आणि धातूच्या वस्तूचे मूळ सांगणारे साक्षीदार बहुधा हेच असतात.

या साक्षीदारांचे मोल दाखवणारे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतील आहे. १९९९ मध्ये सॅक्सनी-आनहाल्ट प्रांतातील नेब्रा गावाजवळ, मिट्टेलबेर्ग टेकडीवर, दोघांनी परवान्याशिवाय धातुशोधक फिरवला. त्यांना कांस्याची सुमारे बत्तीस सेंटिमीटर व्यासाची एक चकती मिळाली. तीवर सोन्याच्या पत्र्यात सूर्य किंवा पूर्णचंद्र, चंद्रकोर आणि तारे बसवलेले होते. सोबत दोन तलवारी, कुऱ्हाडी, एक छिन्नी आणि हातातल्या वळ्यांचे तुकडे होते. उकरताना हत्याराचा घाव लागून चकतीची कड दुखावली. माल लगोलग विकला गेला, हातोहात फिरत राहिला आणि २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पोलिसांनी सापळा रचून तो जप्त केला.

वस्तू परत मिळाली, पण तिचे गाव हरवले होते. ते पुन्हा शोधण्यासाठी अभ्यासकांना गुन्ह्याचा तपास करावा तसे काम करावे लागले. शोधणाऱ्यांनी जागा दाखवल्यावर तेथे रीतसर उत्खनन झाले. चकतीला चिकटून राहिलेली माती टेकडीवरील मातीशी ताडून पाहण्यात आली. एका तलवारीच्या मुठीत उरलेल्या भूर्जाच्या सालीच्या कार्बन-परीक्षणातून ही पुरणी इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराची ठरली. धातूच्या पृथक्करणातून तांबे आल्प्स पर्वतातील, आजच्या ऑस्ट्रियातल्या खाणीचे, तर सोने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलकडचे असल्याचे पुढे आले. एका चकतीत अर्धा युरोप सामावला होता. हे सारे का जमले? चोरांनी ती पुरती स्वच्छ केलेली नव्हती म्हणून. चिमूटभर माती शिल्लक होती म्हणून. तरीही २०२० मध्ये दोन जर्मन पुरातत्त्वज्ञांनी या सगळ्या वस्तू एकत्रच सापडल्या होत्या का, अशी शंका घेतली आणि चकती लोहयुगातील असू शकेल असे मत मांडले. इतर अभ्यासकांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. पण ही शंका घेता आली, याचे कारण चकती जमिनीतून निघाली त्या क्षणी तेथे नोंद करणारे कोणी नव्हते.

आता आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात येऊ. प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद हे ताम्रपाषाण काळातील वसाहतीचे स्थळ आहे. १९७४ मध्ये तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे मिळाली. दोन बैल जुंपलेला आणि उभ्या सारथ्याने हाकलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब आहे आणि चारही शिल्पांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक भरते. येथे धातुशोधक नव्हता, कोणाचा अपराधही नव्हता. कष्टकरी माणसाच्या कुदळीला लागलेली ती वस्तू होती, आणि ती वितळवली न जाता जगासमोर आली हे आपले भाग्य. एवढ्या जुन्या काळातील एवढी भरीव धातुशिल्पे भारतात अन्यत्र क्वचितच मिळतात.

पण ‘एवढ्या जुन्या’ हे शब्द लिहितानाच लेखणी अडखळते. म. न. देशपांडे, शि. रं. राव, सा. अ. साळी यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानली. १९७५ ते १९७९ या काळात साळी यांनी दायमाबादचे विस्तृत उत्खनन केले आणि तेथे उत्तर हडप्पा संस्कृतीचा थर मिळाला, हा त्या मताला मोठाच आधार झाला. उलट, धातुविद्येचे अभ्यासक डी. पी. अग्रवाल यांनी शिल्पांच्या धातूकडे बोट दाखवले. या कांस्यात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे. ताम्रपाषाण काळातील इतर वस्तूंत अशी मिश्रणाची रीत दिसत नाही, तेव्हा ही शिल्पे ऐतिहासिक काळातीलही असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. दोन मतांमध्ये पंधराशे वर्षांहून अधिक अंतर पडते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो रथ पाहताना आम्हांला नेहमी वाटत आले आहे, की या वादाचा निकाल रथात नाही. तो त्या झुडपाच्या मुळाशी, हाताच्या ओंजळीएवढ्या मातीत होता. शिल्पाखाली कोणत्या थराची माती होती, तीत कोणत्या घडणीची खापरी होती, एवढे त्या दिवशी कोणी पाहिले असते तर पुढची पन्नास वर्षे वाद घालावा लागला नसता.

येथे कोणी म्हणेल, की ज्या वस्तूवर अक्षरे आहेत तिला मातीच्या साक्षीची गरज काय? अक्षरे स्वतःच बोलतात. हा आक्षेप आम्हां साहित्याच्या माणसांना सुखावणारा आहे, आणि त्याच्या बाजूने एक फार सुंदर पुरावा आमच्या जिल्ह्याच्या वेशीवरच आहे.

१९३९ मध्ये वाशीम येथे एक ताम्रपट उजेडात आला. त्याने वाकाटकांचा इतिहास बदलला. दानपत्र धर्ममहाराज विंध्यशक्ती (दुसरा) याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकातील आहे. ते वत्सगुल्माहून, अर्थात आजच्या वाशीमहून दिलेले आहे. आरंभीची वंशावळ संस्कृतात आणि पुढचा दानाचा मजकूर प्राकृतात, अशी त्याची भाषा आहे. या वंशावळीत प्रवरसेनाचा पुत्र आणि विंध्यशक्तीचा पिता म्हणून सर्वसेनाचे नाव येते. त्याआधी वाकाटकांची वत्सगुल्म येथे राज्य करणारी स्वतंत्र शाखा होती, हेच अभ्यासकांना ठाऊक नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात सर्वसेनाचे नाव होते, पण ते चुकीचे वाचले गेले होते. ताम्रपट मिळाल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो लेख पुन्हा वाचला आणि दगडावरचे नाव तांब्यावरच्या नावाशी जुळले.

साहित्याच्या अभ्यासकासाठी यापुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य सर्वसेन नावाच्या राजाने रचले होते. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणल्याची कथा त्याचा विषय. मूळ काव्य आज उपलब्ध नाही. पण आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा आदराने उल्लेख केला आहे आणि कुंतक, हेमचंद्र यांच्या ग्रंथांतही त्याची आठवण टिकून आहे. हा सर्वसेन कोण, कुठला, हे मात्र सांगता येत नव्हते. नाव होते, कीर्ती होती, गाव नव्हते. वाशीमच्या ताम्रपटाने त्या कवीला गाव दिले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावला आहे. वत्सगुल्माचे वाङ्मयीन वैभव सांगणारी ही कथा केवळ कविकल्पना नव्हती, तिच्या मागे एक खरे, काव्य रचणारे राजघराणे होते, हे तांब्याच्या त्या पत्र्यांमुळे उमगले. महाराष्ट्रीच्या, आणि पर्यायाने मराठीच्या, पूर्वपीठिकेत वाशीमचे स्थान निश्चित करणारा हा पुरावा आहे.

त्याच ताम्रपटात आमचाही प्रदेश आहे. दान दिलेले गाव ‘नंदीकड’च्या उत्तर मार्गातील म्हणून सांगितले आहे. मार्ग म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग. मिराशींनी नंदीकड म्हणजे नांदेड असे ठरवले आहे. आज अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की वाशीम, हिंगोली, वसमत ही स्थानके ओळीने येतात आणि पुढे नांदेड गाठता येते. वत्सगुल्म आणि नंदीकड यांच्या मधोमध पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा यांचे हे खोरे पसरले आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. कागदावर तो वयाने लहान आहे. पण नांदेडच्या उत्तरेचा हा मुलूख चौथ्या शतकात एका राजाने तांब्यावर लिहून दिलेल्या शब्दांच्या कक्षेत होता, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी खिडकीबाहेरच्या त्याच त्या शेतांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

म्हणजे अक्षरे बोलतात हे खरेच. पण ताम्रपटाला मूळ गाव सांगता आले, ते त्याची रीत तशी असल्यामुळे. दानपत्र हा कायद्याचा कागद. कोणी, कोठून, कोणत्या वर्षी, कोणाला, कोणत्या विभागातले कोणते गाव दिले, हे त्यात लिहावेच लागते. शोधणाऱ्याने जे विचारायचे त्याची उत्तरे त्याने आधीच देऊन ठेवलेली असतात. सगळीच अक्षरे एवढी उदार नसतात.

विद्यार्थ्याच्या रुमालातील नाण्याकडे परत येऊ. शिवराई पाडण्यास शिवाजी महाराजांच्या काळात आरंभ झाला. पण त्यांच्यानंतर छत्रपतींच्या पुढील पिढ्यांत, पेशवाईत, ठिकठिकाणच्या टांकसाळींत तीच अक्षरे घेऊन शिवराई पडत राहिली. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलातही, ती बाजारात चालत होती. अक्षरांचे वळण, त्यांची मांडणी, बिंदूंची किनार, दोन रेघांची ‘दुदांडी’ शिवराई यांसारखे प्रकार, वजन यांवरून जाणकार काही अंदाज बांधतात. तरी ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे वाचून नाणे महाराजांच्या हयातीतले ठरत नाही. साहित्यात ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा आढळली म्हणून अभंग नरसीच्या नामदेवांचाच ठरत नाही, तसेच हे आहे. नाममुद्रा परंपरेची असते. ती कोणत्या हाताने कधी उमटवली, हे ठरवण्यासाठी मुद्रेच्या बाहेरचा पुरावा लागतो.

हा बाहेरचा पुरावा शेतात होता. हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे चालणारे तांब्याचे नाणे हैदराबादेचे. त्यात शिवराई सापडणे म्हणजे कोणी तरी ती येथवर आणली होती. व्यापारी, वारकरी, बारगीर, लमाणांचा तांडा, कोणीही. ती जुन्या वाटेच्या कडेला एकटीच पडली होती, की पांढरीत घराच्या जोत्याशी इतर नाण्यांसोबत पुरलेली होती, यावर तिची सारी कथा अवलंबून आहे. आपला शेतकरी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे माणसे राहून, राख मिसळून, भिंती पडून तयार झालेली वस्तीची माती. पुरातत्त्वज्ञ जे थर वाचतो त्याचे पहिले वाचन आपल्या भाषेने या दोन शब्दांत करून ठेवले आहे. धातुशोधकाला हे दोन्ही शब्द ठाऊक नाहीत. त्याच्या कानी काळी आणि पांढरी सारखीच.

चिंचेने नाणे घासणाऱ्याने तर दुसरा साक्षीदारही घालवला. शेकडो वर्षे मातीत राहून तांब्यावर जो हिरवा-तपकिरी पापुद्रा चढतो, तो मळ नव्हे. ती धातू आणि माती यांच्या दीर्घ सहवासाची खूण असते. नेब्राच्या चकतीचे गाव ज्या मातीने शोधून दिले, तशी माती या नाण्यावर आता नाही. हस्तलिखितावरची बुरशी झटकताना समासातील टीप पुसून टाकावी, तसे हे झाले.

आमच्या क्षेत्रातील एक आठवण येथे टाळता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची जी प्रत छापली, तिची पोथी त्यांना बीडजवळच्या पाटांगण येथे मिळाली होती. ती अत्यंत जुनी असल्याचा त्यांचा दावा होता आणि तिच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीचे व्याकरणही लिहिले. पण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. कागद, शाई, अक्षराचे वळण तपासण्याची वाट बंद झाली. त्यामुळे तिच्या प्राचीनतेविषयी नंतर जे काही बोलले गेले ते छापील पुस्तक समोर ठेवूनच. राजवाड्यांसारख्या गावोगाव हिंडून दप्तरे जमवणाऱ्या व्रतस्थ संशोधकाच्या बाबतीतही असे घडते, तेव्हा भाड्याचे यंत्र फिरवणाऱ्या तरुणाला दोष तरी किती द्यावा?

दोष देणे हा आमचा हेतू नाहीच. त्याला कोणी सांगितलेले नसते, हीच खरी अडचण. सांगण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा. दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही पुरलेली वस्तू जमिनीत सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे, असे तो सांगतो. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवल्यास आणि कोणी पूर्वीचा मालक पुढे न आल्यास, दोघांत काही करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू हवी असल्यास धातूचे मोल आणि त्यावर एक पंचमांश रक्कम देऊन ती घेता येते. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणण्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी पाठवण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने.

यातील शिक्षेपेक्षा आम्हांला त्या १८७८ च्या कायद्यातील एक साधे कलम अधिक महत्त्वाचे वाटते. कळवताना तीन गोष्टी लिहा, असे ते म्हणते: काय सापडले आणि त्याचे अंदाजे मोल काय, कोणत्या जागी सापडले, कोणत्या दिवशी सापडले. वसाहतीच्या सरकारने आपला वाटा चुकू नये म्हणून हे कलम घातले असेल. पण नकळत त्याने संशोधनाचा पहिलाच प्रश्न कायद्यात लिहून ठेवला. काय, कुठे, केव्हा. दायमाबादच्या रथापाशी यातला दुसरा प्रश्न पुरता विचारला गेला नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या नाण्यापाशीही नाही.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाची वेगळी व्यवस्था लावली गेली. तेथे १९९६ चा निधी कायदा झाला आणि १९९७ पासून सुट्या पुरावस्तूंची नोंद करणारी योजना सुरू झाली. जमीनमालकाच्या अनुमतीने यंत्र फिरवणारा हौशी माणूस आपली वस्तू आणि जागा तेथे नोंदवतो. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये सापडलेला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा मोठा साठा याच वाटेने संग्रहालयात गेला. तीच रीत आपल्याकडे जशीच्या तशी लागू व्हावी, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या जमिनीत थरांवर थर आहेत, आणि गुप्तधनाचा मोहही वेगळा आहे. पण नोंदीची सवय लावायला कोणत्याही देशाच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

त्या शनिवारी आम्ही दोघे-तिघे विद्यार्थ्याबरोबर त्याच्या काकांच्या शेतावर गेलो. खणण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. त्याने निंबाच्या झाडापासून पावले मोजत बांधाकडे जाऊन जागा दाखवली. उकरलेला खड्डा पावसाने बुजत आला होता. काका बांधावर उभे होते. ते म्हणाले, “इथं आमच्या आज्याच्या आधी वाडी होती म्हणतात. पांढरीच आहे ही.” यंत्रवाल्याला हे त्यांनी सांगितले नव्हते, कारण त्याने विचारले नव्हते. खड्ड्याच्या कडेला उकरलेल्या मातीत तीन-चार खापऱ्या पडल्या होत्या. त्यांना पाहून यंत्र वाजले नव्हते. आम्ही त्या उचलल्या नाहीत. जागेवरच त्यांचे छायाचित्र घेतले.

मग तेथेच, बांधावर बसून, विद्यार्थ्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. मराठीचा विद्यार्थी असल्याने त्याला प्रारंभी भारदस्त शब्द सुचत होते. आम्ही ते खोडायला लावले. तांब्याचे एक नाणे. गावाचे नाव. गट क्रमांक. निंबाच्या झाडापासून पूर्वेला चाळीस पावले, बांधाला लागून, अंदाजे एक वीत खोल. माती पांढरी. जवळ खापऱ्या. घासून स्वच्छ केले आहे, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले. शेवटी तारीख.

नाणे कोणाच्या काळातील, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. परंतु वाकाटकांचा लेखनिक ज्या रीतीने नंदीकडाचा उत्तर मार्ग तांब्यावर कोरून गेला, त्याच रीतीने या नाण्याला आता एक जागा मिळाली आहे. पुढे कोणी जाणकार त्या पांढरीचा अभ्यास करील, तेव्हा त्याला वाचायला निदान सात ओळींचा एक विश्वसनीय पाठ उपलब्ध असेल.